चौदा नंबरचं पान

६ जानेवारी

प्रिय मामा,

सोबतचं गाठोडं जपून उघड. आत चाळीस वाळवलेली पानं आहेत, एकेक पान जाड कागदावर डकवलेलं. सगळ्यांच्या वर एक कोरा कागद आणि एक नावाचा. आमच्या प्रयोगशाळेत ही पानं सुटी फिरत असतात आणि महिन्यातून एकदा तरी त्यातलं एखादं कुणाच्या तरी चहाच्या कपाखाली सापडतं. शेवटी मी आमच्या बाईंना म्हटलं, माझा मामा चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय, त्याच्याकडे पाठवू. बाई म्हणाल्या, वेळेत देईल का? मी म्हटलं, आई गेल्यावर मला एकट्याने वाढवलं त्याने, एकदाही मुदत चुकवली नाही. बाई हसल्या आणि गाठोडं निघालं.

तू दर पत्रात विचारतोस, मी नेमकं करते काय. ऐक. पानं वाटायची, अर्क काढायचा. काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, त्यात अर्क टाकायचा आणि घड्याळ लावून बसायचं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवायचं. झालं. शेजारणीला हे सांगितलं तेव्हापासून ती माझ्याकडून साखर मागत नाही.

रक्त गोठतं म्हणून आपण जगतो. बोट कापलं तर दोन-चार मिनिटांत थांबतं ते त्यामुळेच. पण तेच रक्त पायाच्या शिरेत नको तेव्हा गोठलं आणि ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली, की काय होतं ते मी तुला सांगायला नको. आईचं तेच झालं. दोन वर्षांपूर्वी तूही त्यातून थोडक्यात वाचलास. म्हणून मी हे काम करते.

आणि तुझी ती संध्याकाळची गोळी, जिला तू शिव्या घालतोस, तिचं मूळही पाल्यातच आहे बरं का. फार वर्षांपूर्वी एका थंड मुलखात गुरांना बुरसटलेला चारा घातला गेला आणि त्यांचं रक्त वाहायला लागलं की थांबेना. का थांबत नाही हे शोधता शोधता त्या चाऱ्यातला एक पदार्थ हाती लागला. त्याचंच एक भावंड तुझ्या गोळीत बसलंय.

आमच्या चाळीस पानांत सध्या चौदा नंबर लाडकं आहे. नावं बाहेर सांगायची नाहीत असा नियम आहे, आम्ही आपसातही नंबरानेच बोलतो. या चौदाने परवा रक्ताला दुप्पट वेळ थोपवून धरलं. अजून काहीच म्हणता येत नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

गोळी वेळेवर घेतोस ना? दर महिन्याला रक्त तपासतोस ना? आकडा दोन ते तीनच्या मधे हवा. फोनवरच विचारलं असतं, पण मागच्या वेळी मी "आकडा किती" विचारलं आणि तू "वाकडा कुठे, सरळ चालतो" म्हणालास.

तुझी,
कसर

•

१४ जानेवारी

प्रिय कसरे,

गाठोडं पोचलं. परवा समोरच्या चष्मेवाल्याने विचारलं, भाचीचं खरं नाव काय हो, तर मला पटकन आठवेना. नऊ वर्षांची असताना पुस्तकांचे कोपरे चघळत बसायचीस, तेव्हा पुस्तकाला लागणाऱ्या किड्याचं नाव तुला ठेवलं ते ठेवलंच. तुझे दात लागलेले दोन शब्दकोश अजून माझ्याकडे आहेत. गिऱ्हाईक कधी न्यायलाच आलं नाही.

काम बघून हात शिवशिवले. घड्या एकत्र शिवायची जुजबंदी इथे करता येणार नाही, सुटे कागद आहेत, तेव्हा प्रत्येक कागदाला पट्टी लावून मग शिवीन. कण्याला चामडं. पानांचं पुस्तक म्हटल्यावर पुठ्ठ्यात कंजुषी नको. तुझे टाचणीने लावलेले नंबर मात्र मी काढून एका पाकिटात ठेवलेत. टाचणी गंजते आणि कागद खाते, तू हे विसरलीस म्हणजे कमाल झाली. त्याऐवजी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने माझे नंबर घातलेत. वरच्या कागदाला एक, त्याच्या खालच्याला दोन, असं शेवटपर्यंत. आमच्या धंद्यात सगळ्यात वर असतो तो पहिला, मग तो कोरा का असेना.

आता मला एक सांग. ही रक्त पातळ करायची काय भानगड आहे? डॉक्टरीणबाई म्हणतात, "काका, तुमचं रक्त आपण पातळ ठेवतोय." मी जन्मभर खळ शिजवली. खळीत गुठळी झाली की खळ फुकट, हे मान्य. पण पातळ खळीने पुठ्ठा धरत नाही, हेही तितकंच खरं. एक दिवस माझंच बाइंडिंग सुटायचं आणि मी दुकानभर पसरायचो.

त्या म्हणतात, चामड्याचं काम सोडा, रापी हातात धरू नका. धरली नाही तर चामड्याची कड पातळ कशाने करू, दाताने? ते तुझं काम.

इकडचं सगळं क्षेम. डाव्या अंगठ्याला रापी जरा लागली. किरकोळ आहे. चौदा नंबरचं काय झालं ते कळव. मी आज तो कागद उजेडात धरून नीट बघितला. पान साधंच आहे, पण चेहरा लक्षात राहण्यासारखा आहे.

मामा

•

२२ जानेवारी

मामा!

सापडलं! अजून कुणाला सांगू नकोस, चष्मेवाल्यांना तर मुळीच नको. तीनदा केलं, तीनदा तेच. चौदा नंबरचा अर्क घातला की रक्त गोठायचं नावच घेत नाही. बाई स्वतः येऊन घड्याळ बघून गेल्या. जाताना माझ्या खुर्चीला हात लावून गेल्या. त्या अशा हात लावत नाहीत कुणाच्या खुर्चीला.

एक दिवस तुझी गोळी जाईल आणि तिच्या जागी आमचं चौदा नंबर येईल बघ. मग वाटेल तेवढी चामडी काप. मग मी घरी येईन, मान वर करून, हातात काहीतरी घेऊन. आधी यायचे तेव्हा नुसत्या पिशव्या घेऊन यायचे.

तुझ्या खळीचं उत्तर. रक्त पातळ वगैरे काही होत नाही. तो नुसता बोलायचा शब्द आहे. ते असतं तेवढंच दाट असतं, फक्त गोठायला जास्त वेळ लावतं. तुझं बाइंडिंग शाबूत आहे. पण म्हणूनच कापलं तर थांबायला वेळ लागतो. "जरा लागली" म्हणजे किती? तुझं "किरकोळ" मला माहीत आहे. घरात एकदा आग लागली होती तीही किरकोळच होती.

पुस्तकाला साधं कापड लाव. चामडं नको.

तुझी,
कसर

•

३ फेब्रुवारी

प्रिय कसरे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं तर चष्मेवाला दारात उभा. मला हसताना बघून म्हणाला, काय, लॉटरी? मी म्हटलं, तुला ऐकू येतं म्हणून सगळं कळायलाच हवं असं नाही.

तुझी आई असती तर तिने आज गल्लीभर सांगितलं असतं. तिला गुपित पचायचं नाही. मला पचतं. तुझं गुपित माझ्यापाशी आहे आणि माझंही एक तुझ्यासाठी आहे, पण ते आत्ता नाही, पुढच्या पत्रात.

एवढंच सांगतो की मी अर्ध्यावर आलोय. एकदम काही करायचं नसतं हे मला कळतं, मी काय लहान आहे? हळूहळू उरलेलं अर्धंही मार्गी लागेल. अंगठा बरा झाला. प्रकृती झकास आहे, सकाळ-संध्याकाळ कसं हिरवंगार वाटतं. रक्ततपासणी पुढच्या महिन्यात करीन. डॉक्टरीणबाईंकडे गर्दी असते आणि मला कंपाउंडर हाक मारतो ते ऐकू येत नाही, मग माझ्यामागून आलेले पुढे जातात.

पुस्तकाला चामडंच लावणार. मला शिकवू नकोस.

मामा

•

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

थोडक्यात लिहितेय, रागावू नकोस. इकडे कामाचा डोंगर आहे.

तू अर्ध्यावर आलास हे वाचून बरं वाटलं. पण मी तर म्हणते, उरलेल्या अर्ध्यासाठी जिवाला त्रास करून घेऊ नकोस. आता सोडून दिलंस तरी चालेल. खरंच. इथे कुणी काही विचारत नाही.

चौदाबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आणि तुझं गुपित काय ते लिही, मला वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
कसर

•

२४ फेब्रुवारी

प्रिय कसरे,

तुझ्याकडून हिरवा कंदील मिळाला आणि त्याच संध्याकाळपासून उरलेली अर्धी गोळीही सोडली. आज सात दिवस झाले. आता माझं गुपित ऐक.

अंगठा किरकोळ कापला नव्हता. दोन तास वाहत होता. चष्मेवाल्याने काचा पुसायची सगळी फडकी आणून बांधली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि बजावलं की काका, रापी आणि गोळी यातलं एकच काहीतरी निवडा. कसरे, मी रापी सोडली तर दिवसभर करू काय? दुकानात नुसता बसलो की मला माझे कान जाणवतात. काम चालू असताना ऐकू येत नाही हे ध्यानातही राहत नाही.

आणि त्यावर तुझं ते पत्र. सापडलं! मग मी विचार केला, गोळीचं मूळ पाल्यातच, असं तूच लिहिलंस. मूळ जर आपल्या दारात उगवत असेल तर गोळीच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? चौदा नंबरचा कागद घेऊन मी गल्लीभर हिंडलो, आणि कुठे सापडावं? आपल्याच दुकानाच्या मागच्या भिंतीलगत, पाइपाखाली, भरपूर. काखेत कळसा. तेव्हापासून रोज दोन मुठी खुडतो. पाणी उकळून पितो, आणि पानं टाकवत नाहीत म्हणून मीठ लावून खातो. कड करवतीच्या दात्यांसारखी आहे त्यामुळे जिभेला खरखरतं, पण सवय झाली. आधी गोळी अर्धी केली, ते तुला कळवलं. तू म्हणालीस, उरलेलीही सोडलीस तरी चालेल. तुझ्या शब्दावर सोडली.

आता तुझ्या प्रयोगात लिहून ठेव, एका माणसाला लागू पडलं म्हणून. कुठे कापलं तर पूर्वीसारखं झटकन थांबतं.

पुस्तक कण्यापर्यंत आलंय. डावी पोटरी दोन दिवस दुखतेय आणि जरा भरल्यासारखी वाटते. उभ्याने काम केल्यामुळे असेल.

मामा

•

१ मार्च

ताईंना नमस्कार,

मी समोरचा चष्मेवाला. काल फोनवर तुम्ही रडत होतात आणि मी ओरडत होतो, त्यामुळे एकमेकांना काय समजलं देव जाणे. म्हणून सगळं सावकाश लिहितो. आधी मुख्य गोष्ट: तुमचे मामा ठीक आहेत. आता पुढचं वाचा.

तुमचा फोन ठेवला आणि गिऱ्हाईकाला डोळ्यावर चौकट चढवलेल्या अवस्थेत तसंच सोडून धावलो. मामा टेबलापाशी उभे, कण्याला खळ लावत होते. मी सांगतोय आणि ते म्हणतायत, "चहा नको, आत्ताच झाला." शेवटी परत दुकानात आलो, डोळे तपासायचा तक्ता भिंतीवरून काढला, त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "भाचीचा फोन. ते पान चुकीचं आहे. पाय चोळू नका. बसा." आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं. ब्रश खाली ठेवला आणि बसले. मग एकच म्हणाले, "ती रडत होती का?" मी हो अशी मान हलवली.

दवाखान्यात रक्त तपासलं. तो आकडा तुम्ही दोनच्या वर हवा म्हणालात, तो एक पूर्णांक एक निघाला. पोटरीच्या शिरेत गुठळी झालीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून वर सरकलेली नाही, आणखी चार दिवस असंच चाललं असतं तर मात्र सांगता आलं नसतं. पोटात सुया देतायत, सोबत गोळीही परत सुरू केली आहे. पाच दिवस ठेवतील.

मामांनी त्यांना ठणकावून सांगितलं, "माझी भाची शास्त्रज्ञ आहे, तिला विचारून केलंय." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. आमच्याच दुकानातला आहे. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, भाचीने पाला खायला सांगितलं होतं?" त्यावर मामांना नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. पायाला कुणी नुसता हात लावला तरी ते दचकतात आणि ओरडतात, "चोळू नका." सिस्टर पांघरूण घालायला आली तरी तेच. मामा तसे रांगडे, सुईला घाबरत नाहीत, पण याला घाबरले. का ते मला माहीत नाही.

तुम्ही या म्हणत नाही, तुमचं तुम्हाला कळतं. रोज संध्याकाळी सहाला फोन करा, मी दुकानात असतो.

आपला,
चष्मेवाला

•

७ मार्च

प्रिय मामा,

तू घरी आलास असं काल चष्मेवाल्यांनी सांगितलं. सहा दिवस रोज फोन केला. त्यांच्याकडून तू मला निरोप दिलास, "रडू नको म्हणावं, डोळे खराब होतात, हा लगेच चष्मा विकेल." तरी रडले.

आता सगळं नीट सांगते. सांगितल्याशिवाय मला तुझ्यासमोर येता येणार नाही.

तू वरचे दोन कागद धरून नंबर घातलेस, कोरा आणि नावाचा. मी पहिल्या पानापासून मोजते. म्हणजे तुझं चौदा ते माझं बारा. तू "करवतीचे दाते" लिहिलंस तिथेच मला कळलं, कारण माझ्या चौदाची कड गुळगुळीत आहे. आणि मामा, बारा नंबर आम्ही मुद्दाम उलट्या बाजूचं म्हणून ठेवलंय, तुलनेसाठी. रक्त गोठायला मदत करणारं जीवनसत्त्व त्या पानात भरपूर असतं. तुझी गोळी ज्याला अडवून धरते, तेच तू दोन-दोन मुठी खात होतास, आणि वर गोळी सोडलेली. झटकन थांबत होतं ते त्यामुळे.

नंबर चुकला ही तुझी चूक नाही, माझीही नाही म्हणता येईल. पण पुढचं माझं आहे. तुझ्या हाती खरं चौदा लागलं असतं तरी ते औषध नव्हतं. जानेवारी संपायच्या आतच आम्हाला कळलं. काचेच्या नळीत ते चालतं. पोटात गेलं की मोडून जातं, रक्तापर्यंत पोचतच नाही. बाई म्हणाल्या, होतं असं, चाळीसातली अडतीस अशीच जातात. मी बारा फेब्रुवारीला तुला पत्र लिहायला बसले तेव्हा मला हे माहीत होतं. मी लिहिलं नाही. "सापडलं" म्हणून नाचले होते, आता कोणत्या तोंडाने सांगू असं झालं. "पुढच्या पत्रात" म्हणून टाळलं. पुस्तक बांधून तरी काय उपयोग, म्हणून "सोडून दिलंस तरी चालेल" लिहिलं. मी पुस्तकाचं बोलत होते रे. तू गोळीचं वाचलंस. त्या दिवशी मी खरं लिहिलं असतं तर तू त्याच संध्याकाळी गोळी घेतली असतीस.

आणखी एक. फोन झाला त्या दुपारी मी तिकीट काढलं. फलाटावर उभी होते. गाडी आली, लोक चढले, आणि मला वाटलं, मी तिथे जाऊन करू काय, याला मीच तर आडवा पाडला. परत फिरले. आई गेली तेव्हा मी लहान होते, काही करू शकले नाही. तुझ्या वेळी करीन असं ठरवलं होतं, आणि केलं ते हे असं.

गोळी पूर्ण घे. रोज, एकाच वेळी. हिरवा पाला रोज सारखाच खा, आज ढीग आणि उद्या काही नाही असं नको, आणि ओळखीच्या भाजीखेरीज काही तोंडात घालू नकोस. मी सांगते म्हणून नाही, डॉक्टरीणबाई सांगतात म्हणून. माझं ऐकायचं तू आता बंद केलंस तरी मी समजू शकेन.

कसर

•

१६ मार्च

प्रिय कसरे,

आकडा अडीच. वाकडा नाही. गोळी रोज सातला घेतो. चष्मेवाला दुकान बंद करताना काचेतून बोट दाखवतो, मी त्याला रिकामी जीभ दाखवतो, मग तो घरी जातो. भर बाजारात दोन म्हातारे हे करतात, लोक काय म्हणत असतील.

तुझं पत्र वाचून खूप राग आला. पान मोडतं हे लपवलंस त्याचा नाही. ते मीही केलं असतं. मी काय केलं नाही? अंगठा लपवला, पाला लपवला, डॉक्टरीणबाईंना टाळलं. एकाच घरात वाढलो आपण दोघं. राग आला तो फलाटाचा.

आता मी एक सांगतो. वीस वर्षं सांगितलेलं नाही, आणि तू खरं लिहिलं नसतंस तर कदाचित मेलो तरी सांगितलं नसतं.

तुझ्या आईच्या पायाचं प्लास्टर काढलं त्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, पोटरी फार दुखतेय दादा. मी म्हटलं, इतके दिवस आखडलेली, दुखणारच. आण इकडे. आणि तेल लावून तासभर चोळून दिली. तिला बरं वाटलं. म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे. सकाळी ती गेली. नंतर डॉक्टर म्हणाले, गुठळी पायातून सुटून वर गेली. मी कुणाला काही बोललो नाही. तू त्या वेळी शाळेत होतीस.

तू मोठी झालीस, शिकलीस, आणि लिहिलंस की आईसाठी मी हे काम करतेय. प्रत्येक पत्रात ते वाचलं की मला माझे हात दिसायचे. चामडं कापायला मिळावं म्हणून मी तो पाला खाल्ला असं चष्मेवाल्याला सांगितलं, ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की तुझं पान खरं ठरावं असं मला तुझ्याहून जास्त वाटत होतं. ते ठरलं असतं तर माझ्या हातून घडलेलं काहीतरी थोडं तरी फिटलं असतं. म्हणून विचारलंसुद्धा नाही तुला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

परवा डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी वाचलं आणि खाली लिहिलं: "काका, चोळल्याने झालं की त्याशिवायही झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही." तो कागद मी जपून ठेवलाय. तुला दाखवीन. मला त्याने पूर्ण बरं वाटलं असं नाही, पण झोप लागली.

तेव्हा कसरे, तू कसर भरून काढायला निघालीस ती मुळात तुझी नव्हतीच. नऊ वर्षांच्या पोरीची कसली आलीय? काम कर, तुला आवडतं म्हणून कर, चाळीसातली दोन उरलीत ती बघ. माझ्यासाठी नको, आणि आईसाठीही नको. आम्हा दोघांनाही तू काही देणं लागत नाहीस.

पुस्तक झालं. रापी मी धरली नाही, शपथ. पुढच्या चौकातल्या चपलावाल्याने चामड्याची कड काढून दिली, मी फक्त शेजारी बसून त्याला सूचना केल्या. तो म्हणाला, तुम्ही स्वतः केलंत तर मला कमी त्रास होईल. तुझे नंबर पाकिटातून काढून शाईने घातलेत, माझे पुसून टाकलेत. चौदा नंबरचं पान आपल्या जागी आहे. बाईंना सांग, न चाललेलं पानही शिवून ठेवावं, नाहीतर तुमच्यामागून येणारं कुणीतरी तेच पान घेऊन पुन्हा नाचायचं.

पुस्तक टपालाने पाठवणार नाही, वजनदार आहे. न्यायला तुलाच यावं लागेल. तू म्हणतेस, येईन तेव्हा हातात काहीतरी घेऊन येईन. दोन वर्षं याच नादात आली नाहीस, हे मला कळत नाही असं वाटलं का तुला? हातात काही आणू नकोस. दोन्ही हात मोकळे लागतील.

शनिवारी ये. दार वाजवत बसू नकोस, मला ऐकू येणार नाही. तशीच आत ये आणि मी मान वर करेपर्यंत माझ्यासमोर उभी राहा.

मामा